विश्लेषण : खुर्शीद होमजीची ‘सरस्वतीदेवी’ का झाली?

‘द लिटिल मर्मेड’ (२०२३) चित्रपटात जलपरीच्या भूमिकेसाठी हॅले बेली या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची निवड झाली आणि चित्रपट येण्याआधीच समाजमाध्यमांवर तिच्या रंगावरून शेरेबाजी सुरू झाली. पडद्यावर कोणी दिसावे, यावरून होणारे असे वाद आजचे नाहीत. १९३५ मध्ये मुंबईत दोन बहिणींच्या वाट्याला असाच विरोध आला होता. त्यांचा ‘दोष’ एवढाच, की त्या पारशी होत्या आणि चित्रपटात काम करत होत्या. त्यांतली एक पुढे हिंदी चित्रपटसृष्टीतल्या पहिल्या स्त्री संगीतकारांपैकी एक ठरली.

खुर्शीद होमजी कोण होत्या?

खुर्शीद मिनोचेर-होमजी यांचा जन्म १९१२ चा. गाण्याची ओढ लहानपणापासूनची. हिंदुस्थानी संगीताला शिस्तबद्ध अभ्यासक्रमात बसवणारे पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडे त्या शिकल्या. लखनौच्या मॅरिस कॉलेजमध्येही त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. मुंबईत १९२७ मध्ये रेडिओ केंद्र सुरू झाले. पुढे खुर्शीद आणि त्यांची बहीण माणेक तिथे गाऊ लागल्या आणि ‘होमजी सिस्टर्स’ हे नाव घरोघरी ऐकू येऊ लागले. रेडिओवर आवाज ऐकू येई, चेहरा दिसत नसे. तोवर कोणाची फारशी तक्रार नव्हती.

चित्रपटात त्या कशा आल्या?

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. बोलपट येऊन तीनच वर्षे झाली होती आणि गाण्यांशिवाय चित्रपट चालत नव्हता. शास्त्रीय बैठक असलेला संगीतकार राय यांना हवा होता. त्यांनी खुर्शीद यांच्यावर संगीत विभाग सोपवला. माणेक यांना अभिनयाची संधी मिळाली. पहिला चित्रपट होता ‘जवानी की हवा’ (१९३५).

विरोध नेमका कशाला होता?

पारशी घरातल्या मुलींनी चित्रपटात काम करणे हा समाजाच्या अब्रूला बट्टा आहे, असे त्या समाजातल्या अनेकांना वाटले. पारशी फेडरल कौन्सिलने या बहिणींच्या सहभागावर आक्षेप घेतला आणि चित्रपटावर बंदी आणण्याचा प्रयत्न केला.

यातला विरोधाभास लक्षात घ्यायला हवा. पारशी रंगभूमीने या देशाला नाटकाचे वेड लावले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) बनवणारे अर्देशीर इराणी पारशीच. कोलकात्याचे जे. एफ. मादन आणि मुंबईचे वाडिया बंधूही पारशी. पुरुषांनी या धंद्यात पैसा लावला, तेव्हा त्यांचा गौरव झाला. त्याच धंद्यात बायकांनी सूर लावला, तेव्हा मात्र समाजाची प्रतिष्ठा धोक्यात आली.

मराठी समाजही याला अपवाद नव्हता. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीसाठी बाई मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्यानंतर दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ‘मोहिनी भस्मासुर’मधून पडद्यावर आल्या.

नावे का बदलली?

हिमांशू राय यांनी बहिणींना काढून टाकले नाही. मधला मार्ग म्हणून नावे बदलली. खुर्शीद झाल्या सरस्वतीदेवी, माणेक झाल्या चंद्रप्रभा. नोकरी वाचली, पण किंमत मोजावी लागली. श्रेयनामावलीत झळकलेले नाव आईवडिलांनी दिलेले नव्हते. पुण्यात जन्मलेल्या ज्यू कुटुंबातल्या रुबी मायर्स त्याआधीच ‘सुलोचना’ झाल्या होत्या. पुढे १९४४ मध्ये याच बॉम्बे टॉकीजच्या ‘ज्वार भाटा’मधून युसूफ खान ‘दिलीपकुमार’ होऊन आले. प्रत्येकाची कारणे वेगळी होती, पण पडद्यावर येताना आपली ओळख दाराबाहेर ठेवावी लागली, हे समान.

पुढे काय झाले?

बंदीचा प्रयत्न फसला आणि सरस्वतीदेवी काम करत राहिल्या. ‘अछूत कन्या’ (१९३६) हा ब्राह्मण तरुण आणि दलित मुलीच्या प्रेमाचा चित्रपट. त्याचे संगीत त्यांचे. अशोककुमार आणि देविका राणी काही कसलेले गायक नव्हते. त्यांना झेपतील अशा सोप्या चाली सरस्वतीदेवींनी बांधल्या आणि त्या देशभर गाजल्या. मात्र दलित नायिकेची भूमिका रवींद्रनाथ टागोरांच्या नात्यातल्या देविका राणींनी केली, याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही. त्याआधी केरळात ‘विगतकुमारन’ या पहिल्या मल्याळी चित्रपटात पी. के. रोझी या दलित अभिनेत्रीने नायर स्त्री साकारली, तेव्हा प्रेक्षक चवताळले आणि तिला गाव सोडावे लागले. वरच्याने खालच्याची भूमिका केली तर तो अभिनय, उलट झाले तर अपराध.

‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ हे सरस्वतीदेवींचे पुढचे गाजलेले चित्रपट. हिमांशू राय १९४० मध्ये गेले, तेव्हापासून बॉम्बे टॉकीजची घडी विस्कटत गेली. सरस्वतीदेवी तिथून बाहेर पडल्या. सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’साठी (१९४३) त्यांनी काम केले, पण हळूहळू त्या विस्मरणात गेल्या. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज हे का आठवायचे?

तेव्हाचा आक्षेप ‘आमच्या मुली तिथे नकोत’ असा होता, जलपरीबाबतचा ‘तुमची मुलगी आमच्या भूमिकेत नको’ असा. दिशा उलट असली, तरी जन्मावरून माणसाची जागा ठरवण्याचा हट्ट एकच आहे. तो हट्ट फार काळ टिकत नाही, हेही याच गोष्टीतून दिसते. डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या गाण्यांच्या मैफलीत किशोरकुमारचे ‘झुमरू’मधले (१९६१) नायकाच्या एकटेपणाचे गाणे झाले, तर एक लक्षात ठेवावे. ते गाणे मुळात ‘जीवन नैया’मध्ये (१९३६) अशोककुमार यांनी गायले होते, आणि त्याची चाल होती खुर्शीद होमजी यांची.