शल्यविशारद डॉ. थिओडोर बिलरोथ

जठराच्या खालच्या भागात कर्करोगाची गाठ निघाली तर सर्जन तो भाग कापून काढतात व उरलेले जठर आतड्याला शिवून जोडतात. या जोडणीच्या दोन जुन्या पद्धतींना सगळ्या जगात आजही बिलरोथ एक आणि बिलरोथ दोन अशी नावे आहेत. डॉक्टर मंडळींच्या तोंडी हे नाव नेहमी असते. पण ते ज्या गृहस्थाचे, त्याची ओळख सामान्य वाचकाला क्वचितच असते. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थिओडोर बिलरोथ हेही आपणांसारखे बेटावरचेच. बाल्टिक समुद्रातील रुगेन बेटावर बेर्गेन या गावी २६ एप्रिल १८२९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. थिओडोर पाच वर्षांचे असतानाच क्षयाने ते वारले आणि पाच मुलांना घेऊन आई समोरच्या किनाऱ्यावरील ग्राइफ्सवाल्ड गावी आली. थिओडोर सर्वांत थोरले. शाळेत मात्र ते मागे पडत. भाषा आणि गणित त्यांना जड जाई, घरी वेगळी शिकवणी ठेवावी लागली. वर्गातील मागच्या बाकावरच्या मुलाविषयी आम्हां शिक्षकांनी मत बनविण्याची घाई करू नये, ते अशा मुलांमुळे. त्यांचा जीव संगीतात रमे. पण संगीतावर पोट कसे भरणार, या काळजीने आईने व आप्तांनी त्यांना वैद्यकाकडे वळविले. ग्राइफ्सवाल्ड, गॉटिंगेन व बर्लिन येथे शिकून १८५२ साली ते डॉक्टर झाले. बर्लिनमध्ये दवाखाना थाटला, पण दोन महिने रोगी म्हणून कोणी फिरकला नाही! पुढे लांगेनबेक या नामांकित सर्जनच्या हाताखाली जागा मिळाली आणि मार्ग सापडला. १८६० मध्ये ते झ्यूरिकला प्राध्यापक झाले, तर १८६७ मध्ये व्हिएन्नाला.

झ्यूरिकमध्ये त्यांनी एक असे काम केले, की आमच्या मते तेच त्यांचे सर्वांत मोठे धैर्य होय. त्या काळी सर्जन आपल्या यशाच्या गोष्टी छापीत. जे रोगी दगावले त्यांच्याविषयी मौन पाळीत. बिलरोथ यांनी १८६० ते १८६७ या वर्षांतील आपल्या सगळ्या रोग्यांचा हिशेब छापून टाकला. किती बरे झाले, किती मेले, घरी गेल्यावर त्यांचे पुढे काय झाले, काहीही झाकले नाही. आपल्या चुका चारचौघांत मांडल्याने मान जाईल ही भीती कोणत्या धंद्यात नसते? तरी त्यांनी त्या मांडल्या, कारण खरे आकडे हाती असल्यावाचून एक उपचार दुसऱ्याहून बरा की वाईट हे ठरविताच येत नाही.

व्हिएन्नाला १८७३ च्या अखेरीस त्यांनी कर्करोगाने ग्रासलेले संपूर्ण स्वरयंत्र काढले. पण जठराला हात घालण्याआधी त्यांनी वर्षानुवर्षे तयारी केली. गुसेनबाउअर व विनिवार्टर या त्यांच्या साहाय्यकांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले, की जठराचे खालचे तोंड कापून काढले तरी प्राणी जगू शकतो. शवविच्छेदनाच्या जुन्या वह्या चाळल्या, तेव्हा बऱ्याच रोग्यांत गाठ जठरापुरतीच होती व इतरत्र पसरली नव्हती, असे आढळले. म्हणजे वेळेवर गाठले तर आशा होती. मात्र १८७९ मध्ये पॅरिसच्या पेआँ यांनी ही शस्त्रक्रिया केली ती रोगी पाचव्या दिवशी गेला. १८८० मध्ये रिडिगिअर या पोलिश सर्जनचा रोगी तर बारा तासही काढू शकला नाही.

मग २९ जानेवारी १८८१ चा दिवस उजाडला. आठ मुलांची आई असलेली ४३ वर्षांची एक बाई. जठराचे तोंड बंद झालेले, खाल्लेले सगळे उलटून पडे. क्लोरोफॉर्मची भूल देऊन बिलरोथ यांनी गाठीचा भाग कापला आणि जठराचे तोंड रेशमी धाग्याच्या सुमारे पन्नास टाक्यांनी आतड्याला जोडले. सुमारे दीड तास लागला. बाई वाचली, जेवू लागली, घरी गेली.

पण चार महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. रोग यकृतापर्यंत पोचला होता. त्यानंतरचे दोन रोगीही दगावले. मग याला यश म्हणावे का? चार महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, जिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता ती आई पुन्हा मुलांबरोबर घास घेऊ शकली, हे थोडे नव्हे. शिवाय शिवलेले जठर टिकते हे एकदा सिद्ध झाल्यावर उरलेला प्रश्न होता तो पसरलेल्या रोगाचा.

त्या प्रश्नावर आजही संशोधन चालू आहे. आता जठराबरोबर आसपासच्या लसीकाग्रंथीही काढतात. पुष्कळ ठिकाणी मोठी चीर न देता दुर्बिणीने हे काम होते. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडला, आणि या कर्करोगाचे एक मोठे कारण तोच असल्याचे पुढे कळले. २०१९ मध्ये जर्मनीतील ७१६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर चार औषधे एकत्र दिलेल्या गटात निम्मे रोगी ५० महिन्यांहून अधिक जगले. जुन्या औषधांच्या गटात हाच आकडा ३५ महिने होता. २०२५ मध्ये त्याच औषधांना प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधाची जोड देऊन आणखी चांगला परिणाम दिसला. हे सारे कळले ते जगलेले आणि गेलेले दोन्ही मोजल्यामुळे.

बिलरोथ यांच्या चरित्रावर एक डागही आहे, तो लपविणे त्यांच्याच रीतीला सोडून होईल. १८७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हंगेरी व गॅलिशियातून येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांविषयी अपमानकारक मजकूर लिहिला. त्यावरून विद्यापीठात दंगा झाला. दूर गावाहून शिकायला आलेल्या गरिबांना असे हिणवावे, हे पोरक्या व गरिबीत वाढलेल्या माणसाला शोभले नाही. उत्तर आयुष्यात ते ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेत सामील झाले, हेही नोंदविले पाहिजे.

संगीत त्यांनी कधीच सोडले नाही. प्रसिद्ध संगीतकार ब्राम्स त्यांचे जिवलग मित्र. ब्राम्स यांची नवी रचना पुष्कळदा प्रथम बिलरोथ यांच्याच घरी वाजविली जाई. १८७३ च्या दोन रचना तर ब्राम्स यांनी त्यांनाच अर्पण केल्या. युद्धातील जखमींच्या शुश्रूषेचा अनुभव गाठीशी असल्याने परिचारिकांच्या शिक्षणासाठीही ते झटले; व्हिएन्नातील रुडोल्फिनरहाउस हे रुग्णालय त्यांच्याच प्रयत्नांचे फळ.

१८८७ च्या न्यूमोनियानंतर त्यांचे हृदय दुबळे झाले. ६ फेब्रुवारी १८९४ रोजी एड्रियाटिक समुद्राकाठी ओपातिया येथे त्यांचे निधन झाले; दफन व्हिएन्नात झाले. माणसाला संगीत कळते म्हणजे काय, यावर ते अखेरपर्यंत लिहीत होते. ते पुस्तक त्यांचे मित्र हान्सलिक यांनी पुढील वर्षी छापून काढले.