मोटारीपलीकडचे यशवंतराव होळकर

वर्षातून दोन-तीनदा तरी आमच्या मोबाईलवर एक जुना कृष्णधवल फोटो येतो. लांबलचक बॉनेटची उघडी मोटार, आणि खाली लिहिलेले असते की ही इंदूरच्या महाराजांची गाडी. कधी गाडीला रोल्स रॉईस म्हटलेले असते, तर कधी महाराज म्हणून वडील तुकोजीरावांचे नाव असते. बँकेच्या नोकरीत सह्या पडताळण्यात आमचा जन्म गेला. एका वळणावरून सही पास करायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून या फोटोकडेही आम्ही त्याच नजरेने पाहू लागलो.

महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची सर्वांत गाजलेली मोटार म्हणजे ड्यूसेनबर्ग एसजे. ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातली कंपनी. ती चॅसी आणि इंजिन बनवून देई, वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. महाराजांच्या गाडीची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधली, रंग नारिंगी आणि काळा. कृष्णधवल फोटोत तो नारिंगी करडा होऊन जातो, म्हणजे रंगाची साक्ष गेली. उरते ते रेडिएटर, पुढचा बंपर आणि बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेल्या एक्झॉस्टच्या चकचकीत जाड नळ्या. नळ्या दिसल्या की लोक लगेच एसजे म्हणून मोकळे होतात. पण सुपरचार्जर नसलेल्या काही ड्यूसेनबर्गनाही हौसेखातर तशा नळ्या बसवलेल्या आहेत. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांची बॉडी वेगवेगळी असू शकते. म्हणून चार खुणा जुळल्याशिवाय नाव सांगू नये.

गाडीच्या बाबतीत एवढी काळजी घ्यायची, तर माणसाच्या बाबतीत का नको? यशवंतरावांना आज जगभरचे मोटारवेडे ओळखतात. पण गाडीवाला शौकीन राजा, या एकाच खुणेवर ही ओळख उभी आहे.

त्यांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 चा. शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस आणि मग ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च. 1925 साली मुंबईत मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडले, त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत आले आणि 1926 च्या फेब्रुवारीत तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. वडिलांच्या बदनामीची सावली डोक्यावर घेऊन या मुलाने राज्य स्वीकारले. पूर्ण अधिकार हाती आले ते 1930 मध्ये.

त्यांचे लग्न कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी झाले होते. या तरुण जोडप्याला नव्या कलेची ओढ होती. मॅन रे या प्रसिद्ध छायाचित्रकाराने दोघांचे फोटो काढले. त्यांत दरबारी थाट नाही, हसत-खेळत बसलेले दोन तरुण जीव आहेत. बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन मोठी चित्रे रंगवली, एक पाश्चात्त्य संध्यापोशाखात आणि दुसरे मराठा पोशाखात. दोन्ही शेजारी ठेवली तर अनोळखी माणसाला चेहरा एकच आहे हे पटायला वेळ लागेल.

इंदूरला माणिकबाग राजवाडा बांधायचे काम त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराला दिले. कमानी, झुंबरे यांच्या जागी तिथे पोलाद, काच आणि सरळ रेषा आल्या. ब्रांकुशी या शिल्पकाराची पक्ष्याची तीन शिल्पे त्यांनी घेतली आणि त्यांच्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर उभारायचे ठरवले. ते मंदिर कधीच झाले नाही. 1937 साली संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. मुलगी उषाराजे तेव्हा अगदी लहान होती. पुढे महाराजांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी एकामागून एक विवाह केले, त्यावर चर्चाही पुष्कळ झाली.

पण याच माणसाने 1942 च्या मे महिन्यात, महायुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहिले आणि हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी व्हावी अशी मागणी केली. इंग्रजांच्या मर्जीवर गादी टिकवणाऱ्या संस्थानिकाने असे करणे म्हणजे स्वतःच्या पायाखालची जमीन पणाला लावणे होते. मोटारीच्या फोटोंसोबत ही गोष्ट कोणी पाठवत नाही.

होळकरांचा क्रिकेट संघ मात्र आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होता. सी. के. नायडू, मुश्ताक अली अशी नावे, आणि 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक. शहराला पाणी देणारा यशवंत सागर त्यांच्याच नावाचा. ज्याला आपण सगळे एम. वाय. म्हणतो, ते महाराजा यशवंतराव रुग्णालयही त्यांच्याच नावाचे. रोज हजारो माणसे तिथे जातात, पण वाय म्हणजे कोण हे विचारले तर उत्तर येईलच असे नाही.

1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यशवंतराव 1956 पर्यंत उपराजप्रमुख होते. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, वय अवघे त्रेपन्न. माणिकबागेतले बरेचसे सामान 1980 मध्ये मोनाकोत लिलावात गेले. वास्तूत सरकारी करखात्याचे कार्यालय आले. ड्यूसेनबर्गही भारतात राहिली नाही.

वस्तू गेल्या, त्याला आता इलाज नाही. पण आपल्या घरांतले फोटो अजून आपल्याच हातात आहेत. संयोगितागंज असो की रामबाग, कुठल्या तरी कपाटात लग्नाचा, मिरवणुकीचा, सामन्याचा एखादा फोटो असेल आणि त्याच्या कोपऱ्यात एखादी अनोळखी मोटार उभी असेल. गाडीचे नाव नंतर शोधता येते, जगात त्यासाठी जाणकार बसलेले आहेत. पण गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव फक्त आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक असते. म्हणून येत्या रविवारी आजीला नाहीतर काकांना शेजारी बसवा, फोटो काढा, आणि मागे पेन्सिलीने नाव, साल आणि जागा लिहून ठेवा. आम्ही आमच्या घरी सुरुवात केली आहे. पहिल्याच अल्बममध्ये नऊ माणसे अशी निघाली की ज्यांची नावे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.