माळ्याचं चाक

नव्याकोऱ्या लक्झरी गाडीला जुन्या जमान्याची तारांची चाकं बसवलेली कधी पाहिलीत का? फोटोत तरी नक्की पाहिली असतील. आपण म्हणतो, काय झकास दिसते गाडी! पण हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं. जुन्या चाकाला मधोमध दाते असलेला हब आणि एकच मोठा नट, तर आजच्या गाडीला चार-पाच बोल्ट. म्हणून मध्ये दात्यांचा अॅडॅप्टर आवळावा लागतो. त्याने चाक बाहेर सरकतं, त्याचं माप जुळवावं लागतं. आतल्या मोठ्या ब्रेकला स्पोक घासून चालत नाही. स्पोकच्या भोकांतून हवा गळू नये म्हणून रिम आतून सील करायची, नाहीतर सरळ ट्यूब घालायची. एवढा खटाटोप झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. एवढ्या जड गाडीचा टॉर्क आणि ब्रेकचा धक्का त्या बारीक तारा पेलणार कशा?

याचं उत्तर सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माळ्याने देऊन ठेवलंय. त्याचं नाव जेम्स स्टार्ली.

स्टार्लीचा जन्म १८३० सालचा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला. बाप शेतकरी. पोराला शेतात राबणं काही मानवलं नाही. वयात येता येता तो घर सोडून लंडनच्या दिशेने निघाला आणि जॉन पेन नावाच्या नामांकित इंजिनिअरच्या बंगल्यावर माळी म्हणून लागला. दिवसा झाडांना पाणी, फावल्या वेळात घड्याळं उघडून बघायची. एकदा मालकिणीचं शिवणयंत्र बिघडलं. माळ्याने ते नुसतं दुरुस्त केलं नाही, तर त्यात सुधारणाही सुचवली. पेनसाहेबाने गडी ओळखला आणि शिवणयंत्रांच्या धंद्यातल्या जोसाया टर्नरशी त्याची गाठ घालून दिली. १८६१ च्या सुमारास दोघे कोव्हेंट्रीला आले आणि तिथे शिवणयंत्रांचा कारखाना निघाला.

तेव्हाचं कोव्हेंट्री म्हणजे बुडत्या धंद्याचं गाव. १८६० च्या व्यापार करारानंतर फ्रान्सचं रेशीम इंग्लंडमध्ये विनाजकात येऊ लागलं आणि रेशमी फिती विणणाऱ्या हजारो हातांचं काम गेलं. अशात १८६८ साली टर्नरचा पुतण्या पॅरिसहून एक सायकल घेऊन आला आणि फ्रान्ससाठी तशा ४०० सायकली बनवा म्हणाला. पण १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियात युद्ध पेटलं आणि ते गिऱ्हाईक बंद झालं. आता सायकल इंग्लंडातच विकायची होती, आणि त्यासाठी ती चांगली असायला हवी होती.

त्या सायकलीचं चाक म्हणजे आपल्या बैलगाडीच्या चाकाचं धाकटं भावंडं: लाकडी तुंबा, लाकडी आरे, वर लोखंडी धाव. लाकडी आरा दाबाखाली काम करतो, म्हणून तो जाड लागतो आणि चाक जड होतं. तार मात्र दाबली की वाकते, पण ओढली की भलतीच ताकद देते. ही कल्पना जॉर्ज केली याने १८०८ मध्येच विमानाच्या चाकासाठी मांडली होती. स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी १८७० मध्ये तारांच्या चाकांची एरियल सायकल आणली. सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. वजन पडलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, पण संपत नाही, म्हणून तार वाकत नाही.

पण एक गोची होती. हबपासून सरळ रिमकडे जाणाऱ्या तारा वजन पेलतात, पण पेडल मारलं की हब आधी फिरतो आणि रिम मागे राहते. तारांना पीळ बसतो. स्टार्लीने १८७४ मध्ये तारा हबला तिरक्या, म्हणजे स्पर्शरेषेत लावल्या, अर्ध्या पुढे आणि अर्ध्या मागे. पेडल मारलं की एक अर्ध रिम ओढतं, उलटा जोर आला की दुसरं. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला टॅन्जन्ट तो हाच! मोटारीच्या तारांच्या चाकातही स्पोक असेच एकमेकांना छेद देत जातात.

पुढे तो मुलाबरोबर शेजारी-शेजारी बसायची सायकल चालवत होता. पोराचा जोर जास्त पडला आणि दोघे रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपात गेले, असं सांगतात. त्यातून १८७७ चा त्याचा डिफरन्शियल आला. फ्रान्समध्ये पेकूरने १८२८ मध्येच तो शोधला होता, पण सायकलीवर तो रुळवला स्टार्लीने. १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याच्या दोन तीनचाकी मागवल्या आणि त्याला भेटीला बोलावलं. त्याच वर्षी जूनमध्ये, ५१ व्या वर्षी, तो गेला. तोवर कोव्हेंट्रीत सायकलीचा धंदा रुजला होता. १८८४ मध्ये गावाने त्याचं स्मारक उभारलं.

गंमत पुढेच आहे. पुतण्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये जी सायकल काढली तिचं नाव रोव्हर, आणि लँड रोव्हर हे नाव त्याच घराण्यातून आलं. तारांच्या चाकांची जगप्रसिद्ध जॅग्वार ई-टाइपही १९६१ पासून कोव्हेंट्रीतच बनली. आणि २००८ मध्ये या दोन्ही कंपन्या घेतल्या आपल्या मुंबईच्या टाटा मोटर्सने!

स्टार्लीकडे डिग्री नव्हती. होती ती बिघडलेली वस्तू उघडून बघायची खोड. आपल्याकडे डिग्री येईलच, पण ती खोड सबमिशनच्या गडबडीत हरवू नये एवढंच वाटतं. पुढच्या वेळी हॉस्टेलच्या सायकलचा आउट काढायला द्याल, तेव्हा दुकानदार एकेक स्पोक कसा आवळतो ते दोन मिनिटं थांबून बघा. तो त्या माळ्याचंच काम करत असतो.