प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रोग्राम मॅनेजर, फरक काय? खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरच्या आयुष्यातून समजून घ्या

नोकरीच्या जाहिरातींत 'प्रोजेक्ट मॅनेजर' आणि 'प्रोग्राम मॅनेजर' ही पदं शेजारी शेजारी दिसतात. अनेकांना ती एकच वाटतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हा फरक समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. हे शहर 1610 मध्ये खडकी या नावाने वसवणाऱ्या मलिक अंबरने दोन्ही कामं केली.

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास आजच्या इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं, पुढे तो दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर सुटका झाली, काही काळ विजापूरची चाकरी झाली. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपल्यात जमा होती. अंबरने राजघराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. गादी कधीच त्याची नव्हती, जबाबदारी मात्र सगळी त्याची.

नहर म्हणजे प्रोजेक्ट

खडकीला पाणी हवं होतं. हर्सूलच्या बाजूला मुरलेलं भूजल भुयारी मार्गाने, खापरी नळांतून शहरात आणायचं, हे काम ठरलं. हीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, सगळी मदार उतारावर. उतार जास्त झाला तर पाण्याच्या जोराने धूप होते, कमी पडला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर आत उतरून सफाई करायला झरोके ठेवावे लागतात. काय बांधायचं ते ठरलेलं, सुरुवात आणि शेवटही ठरलेला. वेळ, खर्च आणि दर्जा सांभाळून असं काम पूर्ण करणारा तो प्रोजेक्ट मॅनेजर. पाणी चौकात आलं की त्याचं काम संपलं.

मग प्रोग्राम कोणता?

निजामशाही मोगलांपुढे टिकवणं. या एका उद्दिष्टाखाली अनेक कामं एकाच वेळी चालू होती: राजधानी, पाणी, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवणारी महसूल पद्धत, गनिमी काव्याने लढणारी मराठा घोडदळाची पथकं, विजापूरशी कधी मैत्री कधी वैर. सारा नीट आला नाही तर फौजेचा पगार थकणार, फौज नसेल तर शेतकरी गाव सोडणार. एका कामाचा फटका दुसऱ्याला बसू न देणं, पैसा आणि माणसं कुठे वळवायची ते ठरवणं, हे प्रोग्राम मॅनेजरचं काम.

याची खरी परीक्षा 1616 मध्ये झाली. जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली. 1621 मध्ये शहर पुन्हा उद्ध्वस्त झालं. फक्त खडकीचा ताळेबंद मांडला तर हा प्रोजेक्ट बुडीत निघतो. अंबरने मात्र तह केले, मुलूख सोडला, वेळ मिळवला. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजेला त्याने हरवलं. तिथे तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केल्याचं सांगतात. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले.

(आजच्या कंपन्यांत पदाच्या नावावर फार जाऊ नये. एकच काम सांभाळणाऱ्यालाही प्रोग्राम मॅनेजर म्हटलं जातं. कोणतं काम थांबवायचं हे ठरवायचा अधिकार आहे का, एवढं मुलाखतीत विचारावं.)

1626 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, अंबरचा मृत्यू झाला. कबर खुलताबादला आहे. कारभार मुलगा फतेहखानाकडे गेला, पण इतके धागे एकत्र धरणारा हात उरला नाही. 1633 मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेलं, 1636 मध्ये निजामशाही संपली. नहर मात्र त्यानंतरही कित्येक पिढ्या पाणी देत राहिली. आज शहर जायकवाडीचं पाणी पितं. नहरीचे काही भाग बुजले आहेत, काहींवर बांधकामं उभी आहेत.