विद्येचा पोशिंदा राजा : श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड

दर रविवारी विहारात वंदना झाली की बाबासाहेबांच्या शिक्षणाचा विषय हमखास निघतो. ते अमेरिकेला गेले, विलायतेला गेले, मोठमोठ्या पदव्या घेऊन आले, हे आपल्या घरातलं लहान पोरसुद्धा सांगतं. पण ते बोटीत बसले ते कोणाच्या पैशाने? आणि त्या बोटीच्या कितीतरी आधी त्यांच्या हाती बुद्धचरित्र पडलं, ते कोणत्या ग्रंथमालेसाठी लिहिलं गेलं होतं? असं विचारलं की आपण जरा अडखळतो. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, बडोदे. म्हणूनच वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत आम्ही बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करीत आहोत.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी झाला. घरचे नाव गोपाळ. वडील काशीराव शेती करीत. घराणे गायकवाडांचे खरे, पण राजवैभव त्यांच्या वाट्याला आलेले नव्हते. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी भाऊबंदांतला हा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. रानात हिंडणारे पोर एकदम राजवाड्यात आले! त्याला तोवर धड लिहिता-वाचताही येत नव्हते. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्याच्यासाठी नेमले गेले. बाराव्या वर्षी मुळाक्षरापासून सुरुवात करणे म्हणजे काय, हे या राजाने स्वतः भोगले होते. आम्हाला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ इथेच आहे.

डिसेंबर १८८१ मध्ये राज्याचा पूर्ण कारभार हाती आला. त्यानंतर लवकरच त्यांनी त्या काळी अंत्यज म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. शाळा निघाल्या, पण शिकवायला सवर्ण मास्तर मिळेनात. मग मुसलमान शिक्षक नेमले, पुढे आर्य समाजाची माणसे आणली. मुलांसाठी वसतिगृहे काढली. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात लागू केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली असेच विधेयक इंग्रजांच्या कायदेमंडळात मांडले, पण ते नामंजूर झाले. जे इंग्रज सरकारने केले नाही, ते त्यांच्याच अंकित असलेल्या एका संस्थानिकाने करून दाखवले होते.

शाळेत जाऊन पोरं अक्षरओळख करून घेतील, पण शाळा सुटल्यावर वाचायला काहीच मिळालं नाही तर चार वर्षांत सगळं विसरतील, ही गोष्ट महाराजांच्या ध्यानात आली. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी सर्वांना खुली असलेली मोफत ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्याला बोलावून घेतले. बोर्डन तीन वर्षे राहिले. महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके दिली आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. तिथे स्त्रियांसाठी वेगळी सोय होती, मुलांसाठी वेगळी खोली होती. ग्रंथालयाचे काम शिकविण्याचे वर्गही निघाले.

खेड्यांसाठीची योजना तर ऐकण्यासारखी आहे. गावकऱ्यांनी ठराविक वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. म्हणजे गावाने एक रुपया काढला तर ग्रंथालयाला तीन रुपये मिळायचे. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवायच्या. एका गावात वाचून झाल्या की पुढच्या गावाला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना पडद्यावर चित्रे दाखवून माहिती दिली जाई. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे काम गावोगाव नेले. सरकारच्या पैशाइतकीच गावातल्या माणसाची धडपड त्यात होती, हे आपण विसरता कामा नये.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. बौद्ध वाङ्मयावर या राजाचे मोठे उपकार आहेत. पाली पंडित धर्मानंद कोसंबी कलकत्त्याला चांगल्या पगारावर होते. त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यावे, एवढ्या अटीवर महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये चालू केले. बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत शांतरक्षितांच्या ‘तत्त्वसंग्रह’सारखे दुर्मिळ बौद्ध ग्रंथ छापले गेले. आणि त्याच्याही आधी कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी बडोदे संस्थानच्या ग्रंथमालेसाठी मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारात केळूसकर गुरुजींनी हेच पुस्तक त्यांना भेट दिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या भेटीची आठवण नोंदवली आहे. १९५६ च्या दीक्षाभूमीकडे जाणारी वाट जिथून निघते, तिथे एका संस्थानाच्या खर्चाने निघालेलं पुस्तक आहे!

पुढे कॉलेजचा खर्च झेपेना. तेव्हा केळूसकर गुरुजीच भीमरावांना महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. बी. ए. झाल्यावर १९१३ साली परदेशी शिक्षणासाठी बडोद्याने जे चार विद्यार्थी निवडले, त्यांत भीमराव होते. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार जूनमध्ये झाला. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. दानधर्माचा हा मामला नव्हता. माणूस घडवून राज्याच्या कामाला लावायचा, असा तो सरळ व्यवहार होता.

परंतु इथेच एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. १९१७ साली करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला आले. त्यांचे सामान आणणारी बोट महायुद्धात बुडाली होती. तिच्या नुकसानभरपाईतून गाडीभाड्याची सोय झाली. कचेरीत नेमणूक मिळाली, पण शिपायी कागद लांबून टाकीत. गावात राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. एका बागेत बसून बाबासाहेब रडले. ज्या शहरात एवढं मोठं ग्रंथालय होतं, ज्या राजाने त्यांना सातासमुद्रापार धाडलं, त्याच राजाच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. महाराजांचा हेतू चांगला होता, पण त्यांचा हुकूम कचेरीच्या उंबऱ्यापलीकडे पोचला नाही. हे सांगितल्याने महाराज लहान होत नाहीत. जात किती खोल मुरली होती, ते मात्र कळतं.

तरीही नातं तुटलं नाही. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांचे भाषण झाले, तेव्हा सयाजीराव तिथे हजर होते. ते ऐकून त्यांचे डोळे भरून आले, आपला पैसा सार्थकी लागला असे त्यांनी महाराणींना सांगितले, असे चरित्रकार लिहितात. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले.

बाबासाहेबांनी हे ऋण कसे फेडले? १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात जाताच त्यांनी सरकारला निवेदन देऊन आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठीसुद्धा, पैसा मागितला आणि मिळवला. आणि राजगृहात पुस्तकांचा केवढा संसार थाटला, ते तर जगजाहीर आहे.

बंधू-भगिनींनो, शेवटी आमच्याच घरचं सांगतो. आपल्या विहारात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. चावी कोणाकडे आहे हे विचारत फिरावं लागतं आणि कपाटापुढे सतरंज्या रचलेल्या असतात. परदेशी जाणारं पोर वस्तीतून एखादंच निघेल. त्याच्यामागे आपण उभे राहूच. पण बाकीच्या पोरांसाठी ही दोन कपाटंच आहेत. कवळाण्याच्या त्या पोराला बाराव्या वर्षी पुस्तक मिळालं, तर पुढे केवढं घडलं! या वर्धापन दिनापासून सतरंज्या दुसरीकडे ठेवू या, आणि रोज संध्याकाळी दोन तास कपाटं उघडी ठेवू या. महाराजांना हीच खरी आदरांजली ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!