बर्फातून वाट दाखवणारी मेरी

आपल्याकडे वायपरची आठवण होते ती पावसाळ्यात. प्रत्यक्षात ही कल्पना आकाराला आली न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या थंडीत. तीही मोटारीत नव्हे, तर ट्राममधून जाणाऱ्या एका प्रवासी महिलेच्या मनात. तिचे नाव मेरी अँडरसन.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८६६ मध्ये जन्मलेल्या मेरी यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. १८८९ मध्ये आई व बहिणीसह त्या बर्मिंगहॅम शहरात आल्या. तेथे या कुटुंबाने भाड्याच्या सदनिकांची इमारत उभारली. पुढे काही वर्षे मेरी यांनी कॅलिफोर्नियात गुरे व द्राक्षमळा सांभाळला. एकूण, यंत्रांशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता.

१९०२ च्या सुमारास हिवाळ्यात त्या न्यूयॉर्कला गेल्या होत्या. बर्फमिश्रित पावसाने ट्रामची समोरची काच माखली होती. तावदान उघडले तर बोचरा वारा चालकासह प्रवाशांच्या अंगावर येई. बंद ठेवले तर पुढचा रस्ताच दिसत नसे. चालकाची ही कोंडी मेरी यांच्या मनात घर करून राहिली.

घरी परतल्यावर त्यांनी एक साधन तयार केले. काचेबाहेर रबरी पाते बसवलेला दांडा आणि तो फिरवण्यासाठी चालकाच्या हाताशी मूठ, अशी त्याची साधी रचना होती. पाते काचेला घट्ट टेकून राहावे याचीही तजवीज होती. हिवाळा सरला, की सारे काढून ठेवता येई. यापूर्वीही असे काही प्रयत्न झाले होते. मात्र परिणामकारक ठरलेला पहिला वायपर मेरी यांचाच मानला जातो. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना १७ वर्षांसाठी पेटंट मिळाले.

ग्राहक मात्र मिळाला नाही. १९०५ मध्ये कॅनडातील एका कंपनीने व्यापारी मूल्य नसल्याचे सांगून पेटंट घेण्यास नकार दिला. पात्याच्या हालचालीने चालकाचे लक्ष विचलित होईल, अशी शंकाही घेतली गेली. समोरचे काहीच न दिसणे मात्र कोणाला धोक्याचे वाटले नाही!

१९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. मोटारींची संख्या वाढत होती. लवकरच वायपर हा गाडीचा नेहमीचा भाग झाला. त्यातून मेरी यांच्या हाती एक छदामही आला नाही. बर्मिंगहॅममधील इमारतीचा कारभार पाहत त्यांनी आयुष्य व्यतीत केले. २७ जून १९५३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी टेनेसीतील माँटीगल येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना स्थान मिळाले, ते २०११ मध्ये.