सुताराची मुलगी आणि दगडातले समुद्रराक्षस : मेरी ॲनिंगची गोष्ट

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रेजिस नावाचं छोटं गाव आहे. गावाला लागून समुद्र आणि समुद्राला लागून काळपट, ठिसूळ दगडाचे उंच कडे. हिवाळ्यातला पाऊस आणि लाटा यांनी हे कडे दरवर्षी ढासळतात. ढासळले की आतून दगड झालेले शिंपले, मासे, हाडं बाहेर पडतात. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता, त्यातल्या प्राण्यांचे हे अवशेष. पण दोनशे वर्षांपूर्वी गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. गोल गुंडाळीच्या दगडांना लोक साप दगड झालेत असं म्हणत. आपल्याकडे देवघरात पूजतात तो शाळिग्राम याच जातीच्या प्राण्याचा, ॲमोनाइटचा.

याच गावात २१ मे १७९९ रोजी मेरी ॲनिंग जन्मली. वडील रिचर्ड सुतारकाम करत आणि जोडीला कड्याखाली सापडलेले दगड पर्यटकांना विकत. घरात दहाच्या आसपास मुलं झाली, पण मोठी होईपर्यंत जगली ती दोनच, थोरला जोसेफ आणि मेरी. मेरीच्या आधी याच नावाची एक बहीण होती, ती घरात कपडे पेटून गेली. तिचंच नाव हिला ठेवलं.

मेरी सव्वा वर्षाची असताना गावात घोड्यांच्या कसरतीचा खेळ आला होता. एका शेजारणीने तिला कडेवर घेतलं होतं. वादळ आलं, बायका झाडाखाली थांबल्या आणि वीज पडली. तिघी बायका जागीच गेल्या. मेरीला घरी नेऊन गरम पाण्यात ठेवलं, तेव्हा ती शुद्धीवर आली. ही पोर पुढे इतकी चलाख निघाली ती विजेमुळेच, असं गावकरी म्हणत. विजेचा काही संबंध असो नसो, चलाख मात्र ती होतीच.

१८१० मध्ये वडील वारले. क्षयाचा आजार होता, त्यात कड्यावरून पडले होते. मागे सुमारे १२० पौंडांचं कर्ज. कुटुंबाला गावाच्या गरीबनिधीवर दिवस काढावे लागले. वडिलांनी पोरांना एकच धंदा शिकवला होता, ओहोटीच्या वेळी कड्याखाली जाऊन दगड शोधायचे आणि पुढच्या भरतीच्या आत परत यायचं. तोच धंदा घर चालवायला उरला.

१८११ मध्ये जोसेफला चार फुटी लांब कवटी सापडली. सगळ्यांना वाटलं मगर असणार. पुढच्या वर्षी मेरीने त्याच ठिकाणी उरलेला सांगाडा शोधून काढला. एकूण लांबी १७ फूट. तेव्हा ती जेमतेम १३ वर्षांची. माणसं लावून तो काढला आणि जमीनदार हेन्ली यांना २३ पौंडांना विकला. १८१९ साली लंडनच्या लिलावात तोच सांगाडा ब्रिटिश म्युझियमने ४५ पौंड ५ शिलिंगला घेतला. म्हणजे सात वर्षांत भाव जवळपास दुप्पट, आणि त्यातला एक छदामही ॲनिंगच्या घरी आला नाही.

प्राणी मात्र भलताच निघाला. सर एव्हरार्ड होम या नामवंत शल्यवैद्यांनी १८१४ पासून त्यावर निबंध लिहिले. कधी त्यांना तो मासा वाटला, कधी बदकचोचीच्या प्लॅटिपसचा नातेवाईक, कधी सरडा आणि सॅलमँडर यांच्या मधला. ॲनिंग भावंडांचं नाव निबंधात कुठेच नाही. शेवटी या प्राण्याला इक्थिओसॉर म्हणजे मत्स्यसरडा हे नाव मिळालं. जमिनीवरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे वंशज समुद्रात परतले आणि त्यांचं अंग माशासारखं झालं. पायांची वल्ही झाली. डोळे प्रचंड, आणि डोळ्यांभोवती हाडांच्या पट्ट्यांचं कडं. अंडी घालायला किनाऱ्यावर येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ही मंडळी पाण्यातच पिल्लांना जन्म देत. पुढे जर्मनीत पोटात पिल्लं असलेले सांगाडे मिळाले, तेव्हा हे पक्कं झालं.

तरी घरची तंगी संपली नव्हती. १८२० मध्ये भाड्यापायी घरातलं सामान विकायची पाळी आली. तेव्हा जीवाश्म गोळा करणारे निवृत्त लष्करी अधिकारी बर्च यांनी स्वतःचा संग्रह लिलावात काढला आणि आलेले सुमारे ४०० पौंड ॲनिंग कुटुंबाला दिले. या गोष्टीत उपकार लक्षात ठेवणारी माणसं मोजकीच आहेत, हे त्यातले एक.

डिसेंबर १८२३ मध्ये मेरीला त्याहून विचित्र प्राणी सापडला. सुमारे नऊ फूट लांब, कासवासारखं रुंद अंग, चार वल्ही, आणि लांबलचक मानेवर इवलंसं डोकं. हा प्लेसिओसॉर. याची सुटी हाडं आधी मिळाली होती, पूर्ण सांगाडा हा पहिलाच. चित्र पॅरिसला गेलं तेव्हा कुव्हिए यांनी शंका घेतली. कुव्हिए म्हणजे त्या काळातला या शास्त्रातला शेवटचा शब्द. मानेत ३५ मणके कसे असतील, असा त्यांचा सवाल. जिराफाच्या मानेतही सातच असतात. दोन वेगळ्या प्राण्यांची हाडं जोडली असावीत असा संशय आला. तो खरा ठरला असता तर मेरीचा धंदा त्याच दिवशी बसला असता, कारण खोटा माल विकणारीकडून कोण घेणार? लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत चर्चा झाली, सांगाडा अस्सल ठरला आणि कुव्हिए यांनी चूक कबूल केली.

२० फेब्रुवारी १८२४ च्या सभेत कोनीबेअर यांनी हा प्राणी मांडला. त्याच संध्याकाळी बकलंड यांनी मेगॅलोसॉरसची माहिती दिली, शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनोसॉर. डायनोसॉर हा शब्दही तेव्हा नव्हता, तो ओवेन यांनी १८४२ मध्ये आणला. आणि एक घोटाळा इथेच दूर केलेला बरा. मेरीचे समुद्री प्राणी डायनोसॉर नव्हेत, ते त्याच काळातले वेगळ्या घराण्यांतले सरपटणारे प्राणी. मुलांच्या पुस्तकांत सगळे एकाच पानावर दाखवतात, म्हणून हा गोंधळ.

त्या सभेत मेरी नव्हती. बायकांना सोसायटीत प्रवेशच नव्हता, आणि निवेदनात तिचं नावही आलं नाही.

ती शाळेत फार शिकलेली नव्हती, चर्चच्या रविवारच्या शाळेत लिहा-वाचायला शिकली तेवढंच. पण शास्त्रज्ञांचे निबंध मागून आणायची आणि आकृत्यांसकट हाताने उतरवून काढायची. हाडं कशी बसतात हे समजायला मासे आणि माकूळ चिरून पाहायची. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी सापडणारे गुळगुळीत दगड फोडले की आत माशांची हाडं आणि खवले दिसतात, हे तिने हेरलं. ती त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा होती. बकलंड यांनी त्याला कोप्रोलाइट नाव दिलं. ऐकायला घाण वाटतं, पण मेलेल्या प्राण्याने काय खाल्लं याचा एवढा पक्का पुरावा दुसरा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ अशीच विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि डायनोसॉरच्या काळातही गवत होतं हे २००५ मध्ये जगाला कळलं.

बेलेम्नाइट नावाच्या माकुळासारख्या प्राण्यात वाळलेल्या शाईची पिशवीही तिला मिळाली. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती शाई पाण्यात कालवून तिनेच इक्थिओसॉरची चित्रं काढली. कोट्यवधी वर्षांची शाई, आणि कागदावर उमटली!

डिसेंबर १८२८ मध्ये मेरीने उडणारा सरडा शोधला. जर्मनीबाहेर मिळालेला हा पहिला टेरोसॉर, पुढे डायमॉर्फोडॉन नावाने ओळखला गेला. पंखाचा पडदा एकाच लांबलेल्या बोटावर ताणलेला. डोकं अंगाच्या मानाने मोठं, पण कवटीला मोठमोठी भोकं असल्याने हलकं. दातही दोन तऱ्हेचे, पुढे लांब आणि मागे बारीक. योगायोग म्हणजे त्याच १८२८ साली जबलपूरला स्लीमन यांना मोठी हाडं सापडली. पुढे १८७७ मध्ये तो टायटॅनोसॉरस इंडिकस ठरला, भारतातला पहिला नाव मिळालेला डायनोसॉर.

तोवर मेरीने काचेची खिडकी असलेलं दुकान घेतलं होतं. युरोपातले विद्वान तिथे येत. सॅक्सनीचा राजा १८४४ मध्ये आला आणि इक्थिओसॉर विकत घेऊन गेला. पण माल घेणारे निबंधात स्वतःचं नाव घालत. जिने कडा चढून, चिखलात रुतून, छिन्नीने महिनोन्महिने हाडं मोकळी केली ती कागदावर नाहीच. याचं तिला वाईट वाटे आणि ती मैत्रिणींजवळ बोलूनही दाखवी. तिच्या हयातीत तिच्या नावावरून प्राण्याचं नामकरण करणारे स्विस शास्त्रज्ञ अगासी, त्यांनी दोन माशांना तिचं नाव दिलं.

काम जिवावरचं होतं. ऑक्टोबर १८३३ मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती थोडक्यात वाचली. पुढे १८३५ च्या सुमारास गुंतवणुकीत सुमारे ३०० पौंड बुडाले, म्हणजे आयुष्याची पुंजीच. बकलंड यांनी खटपट करून तिला वर्षाला २५ पौंडांचं निवृत्तिवेतन मिळवून दिलं. बालपणापासून ओळखीचे डे ला बेश यांनी तर १८३० मध्येच तिच्या प्राण्यांनी भरलेल्या प्राचीन समुद्राचं चित्र काढून त्याच्या छापील प्रतींचे पैसे तिला दिले होते.

शेवटी तिला स्तनाचा कर्करोग झाला. वेदनेसाठी ती अफूचा अर्क घेई, गावात मात्र बाई दारू पिते अशी कुजबुज. ९ मार्च १८४७ रोजी ती गेली, वय ४७. सोसायटीचे अध्यक्ष झालेल्या डे ला बेश यांनी तिच्यावर श्रद्धांजलीपर भाषण केलं. सभासद नसलेल्या बाईसाठी हे तोवर झालं नव्हतं. त्या सोसायटीने बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये.

२०१० साली रॉयल सोसायटीने विज्ञानावर प्रभाव टाकणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांत तिची गणना केली. लाइम रेजिसमध्ये तिचा पुतळा उभा राहिला २०२२ मध्ये, तोही एका शाळकरी मुलीने आईबरोबर मोहीम चालवली म्हणून. हातात हातोडी, सोबत ट्रे. गावचं संग्रहालय तिच्या जन्मघराच्या जागेवरच आहे, आणि जोसेफला सापडलेली ती चार फुटी कवटी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आजही बघायला मिळते.